खाली पळणारा मी, वर पळणाऱ्या काकू

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जपानमध्ये नागोयाला मुलाकडे होतो... त्या दिवशी सकाळपासून मुसळधार पाऊस.

सूनबाई स्मिताचा पार्टटाइम कामाचा पहिला दिवस होता. अडीच वर्षांची ईशा माझ्या भरवशावर. जाताना बजावून गेली, "बाबा, नुसत्या ट्रकने घर हादरलं तरी तिला घेऊन खाली पळता तुम्ही. आज नाही हं! नाहीतर मला काम सोडावं लागेल."

काय करणार... आमच्या गावच्या भूकंपात दार अडकलं आणि थोरला भाऊ आतच राहिला. तेव्हापासून मी दार लावूच देत नाही. फटीत माझी चप्पल अडकवलेली असते.

दुपारी खरंच जमीन हलली. ईशाला उचललं आणि अनवाणी जिना उतरलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या हायाशी काकू भाजी घेऊन येत होत्या. खाली रस्त्यावर पाणी वाहत होतं. त्यांनी माझी बाहीच धरली आणि वर ओढायला लागल्या!

मी म्हणतोय, "खाली, खाली!" त्या जपानीत काहीतरी ओरडतायत. ईशाला वाटलं खेळ चाललाय, ती खदखदा हसतेय... शेवटी दोघंही दमलो आणि मधल्याच पायरीवर बसलो. काकूंनी संत्रं सोललं.

स्मिता आली तेव्हा आम्ही तिथेच. म्हटलं, झालं, गेलं हिचं काम!

ती काकूंशी बराच वेळ बोलली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, लहानपणी त्यांच्या घरात पुराचं पाणी छतापर्यंत चढलं होतं. छप्पर फोडायला काही सापडलं नाही... बहीण गेली. अजून कपाटात कुऱ्हाड ठेवतात. म्हणतात, तू कामावर जा, या दोघांकडे मी बघते."

मला उगाच वाटायचं, ही बाई विक्षिप्त आहे. तिलाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी काकूंनी दार उघडं राहावं म्हणून फटीत लावायला लाकडी पाचर आणून दिली. फटीतली चप्पल काढून माझ्या हातात ठेवली... आणि रागावल्यासारखं काहीतरी बोलल्या.

पुढे पाऊस वाढला की मीच ईशाला घेऊन त्यांच्याकडे वर जायचो. जमीन हलली की त्या कुरकुरत माझ्यामागे खाली यायच्या.

काकू, ती पाचर आजही माझ्या दाराला आहे.