साडूंचा भागाकार

ज्या घरात आमच्या थोरल्या साडूंचं पाऊल पडतं, त्या घरातल्या एकाही आकड्याची अब्रू शाबूत राहत नाही. तुम्ही मोठ्या कौतुकाने सांगावं, की घरी शंभर एमबीपीएसचं इंटरनेट घेतलं, आणि यांनी चहाचा कप बशीत ठेवून शांतपणे विचारावं, "बिट की बाइट?" मग तेच सांगतात, "बिट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे तुमचे साडेबारा," आणि कप पुन्हा उचलतात. महिन्याचं बिल मात्र तुम्हाला शंभराचंच भरायचं असतं.

साडूंनी डहाणूत वर्षानुवर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवलं. चालवलं म्हणजे उघडं ठेवलं. कारण दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते काही विकण्याआधी हिशेब समजावून सांगत, आणि हिशेब समजलेलं गिऱ्हाईक काही न घेता घरी जाई. रुंद पट्टीची केबल लावायच्या जुन्या हार्ड डिस्कवर वेग १३३ लिहिलेला असे. मग बारीक वायरीची नवी डिस्क आली, तिच्यावर दीड हजार. अख्खा तालुका नवी घ्यायला निघाला. तलासरीहून एक गृहस्थ मुद्दाम आले, तर साडूंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "अहो, जुना आकडा बाइटमधला, नवा बिटमधला. आणि इथे आठाने नाही, दहाने भागायचं. दहातले आठ बिट माल वाहतात, दोन नुसते राखणदार. झाले दीडशे. वरच्या सतरासाठी एवढा खर्च कशाला करता?" गृहस्थांना ते पटलं. साडू त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेले आणि वाटेत स्वतःच्या खिशातून त्यांना भजी खाऊ घालून आले. त्या दिवसाची एकूण उलाढाल ती भजी.

आता दुकान बंद करून ते सरावलीला घरी असतात. उरलेल्या पट्टीच्या केबलींनी मेहुणीबाईंनी परसातला दुधीचा मांडव बांधला आहे, आणि "एवढ्या वर्षांत या धंद्याचं एवढंच पीक आलं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. साडूंचा राखणदारांचा नियम मात्र मासळीबाजारापर्यंत पोचला आहे. दहा बोंबलांच्या वाट्यापुढे उभं राहून ते पुटपुटतात, "दोन मांजराला जाणार, आठच धरायचे." चिखल्याची मासळीवाली एकदा वैतागून म्हणाली, "भाऊ, घ्यायचे तं घ्या, पाढे घरी जाऊन म्हणा ना." त्यांनी बोंबील घेतले आणि मांजराचे दोनही खुशीने नेले.

मुलगी सायली हिचं लग्न ठरलं तेही याच हिशेबाने. बघायला आलेला मुलगा म्हणाला, "आमच्या ऑफिसात दहा गिगचं नेटवर्क आहे." साडूंनी नेहमीचा प्रश्न टाकला. मुलगा हसून म्हणाला, "बिटच. धरून चाला सव्वा गिगाबाइट, आणि तेवढंही मिळत नाही." साडू आत येऊन मेहुणीबाईंना म्हणाले, "मुलगा खरं बोलतो. देऊन टाकू." दिली. यंदा त्या खरं बोलणाऱ्या मुलाला कॅनडात नोकरी लागली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सायली धावतपळत सरावलीला आली. जुन्या कॉम्प्युटरवर तिच्या लहानपणापासूनचे फोटो आणि व्हिडिओ होते, वीस जीबी भरतील एवढे. "बाबा, या डिस्कवर पटकन कॉपी करून द्या, मला बॅगा भरायच्यात," ती उभ्यानेच म्हणाली. मीही निरोप द्यायला गेलो होतो. त्या कॉम्प्युटरला मागच्या बाजूला साडूंनी स्वतः बसवलेलं वेगवान कार्ड आहे. तिथे वायर लावली असती, तर हातातला चहा संपेपर्यंत काम झालं असतं. साडूंनी वायर पुढच्या, अगदी जुन्या पोर्टात खोचली. तिथला वेग बारा. बिट. म्हणजे सेकंदाला दीड एमबी. त्यांच्या संगतीत एवढा भागाकार मलाही येतो. जवळजवळ चार तास.

साडू अशी चूक करणारा माणूस नव्हे. मी तोंड उघडणार होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चहाचा कप तोंडाला लावला.

सायलीने स्क्रीनवरची न हलणारी पट्टी पाहिली. मग वाकून पोर्ट पाहिलं. ती या घरात पाढ्यांआधी हा हिशेब शिकली आहे. "वेळ लागेल ना, बाबा?"

"लागेल," साडू म्हणाले. "जुनं मशीन आहे."

तिने पर्स खाली ठेवली, नवऱ्याला फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि आईने आणलेले चिकू सोलत बापाशेजारी बसली. दोघं एकेक फोटो उघडत राहिले. मधेच जोरात हसत, मधेच एकाच फोटोवर थांबत. साडूंनी तेवढ्या वेळात कशालाच कशाने भागलं नाही.

दुपारी कॉपी पुरी झाली. साडू हळूच वायर काढायला लागले, तेव्हा सायली म्हणाली, "आईसाठीपण एक वेगळी करून ठेवूया." मेहुणीबाईंच्या कपाटातली डिस्क आणून तिने स्वतःच ती वायरीला जोडली, आणि वायर पुन्हा पुढच्याच पोर्टात खोचली.