मध्यंतरानंतरची म्हैस

माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा सिनेमा मी अर्धाच पाहिला. उरलेला अर्धाही पाहिला, पण तो दुसऱ्या सिनेमाचा होता.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सोडली आणि इंदुरात येऊन फ्रिज-एसी दुरुस्त करू लागलो. या गावानं मला काम दिलं, 'जुनी इंदूर' मोहल्ल्यात खोली दिली आणि राजेंद्र नगरच्या सबनीसकाकांचा फ्रिज दिला. तो मी तीनदा दुरुस्त केला. (तिसऱ्यांदा तो बिघडलाच नव्हता. काकांच्या मुलीनं, मधुरानं, प्लग काढून ठेवला होता. हे मला पाचव्या मिनिटाला कळलं, पण मी दुरुस्ती दोन तास चालवली.)

पुढं लग्नाची गोष्ट निघाली. माझी नववी मी आधीच सांगून टाकली. काका निवृत्त विज्ञान शिक्षक. म्हणाले, "डिग्री सोडा, विलासजी. माणसाचं डोकं चाललं पाहिजे." आणि डोकं तपासायला त्यांनी रविवारी दुपारी मला घरच्यांसोबत सिनेमाला नेलं. कारण सबनीसांकडे रीत अशी, की सिनेमा सुटला की प्रत्येकानं तो समजावून सांगायचा. त्यातून काकूही सुटत नाहीत! मधुरानं फोनवर बजावलं होतं, की बाबांचं हो-ना उद्याच ठरणार, झोपू नका. झोप कसली येतेय? परीक्षेच्या भीतीनं तर मी शाळा सोडली होती!

सिनेमा विज्ञानाचा होता. नायकानं सकाळी डावा बूट आधी घातला की तो शास्त्रज्ञ होतो, उजवा घातला की त्याची खानावळ निघते. मध्यंतरापर्यंत त्याची चार आयुष्यं झाली, तीन बायका झाल्या आणि मला फक्त बूट कळले.

मध्यंतरात मी समोसे आणायला उठलो. काका नको म्हणत होते, पण होणाऱ्या सासऱ्याला खाऊ न घालणारा जावई इंदुरात टिकत नाही. रांगेत उशीर झाला. परत आलो तर समोर दोन दारं, दोन्ही सारखी. तिकिटं काकांच्या खिशात, फोन मी आदरानं बंद केलेला. दारावरच्या माणसाला विचारावं, तर तो म्हणेल, पढ़े-लिखे नहीं हो क्या? त्याला ही संधी न देता मी ताठ मानेनं आत शिरलो.

अंधारात तिसरी रांग, कडेची खुर्ची रिकामी. सगळं बरोबर. मध्यंतराआधी माझ्या शेजारी काकू बसल्या होत्या (मधुरा त्यांच्या पलीकडे, रीतच आहे), म्हणून समोशांचा पुडा शेजारी दिला आणि पुढं सरकवायला सांगितलं. पुडा रांगभर फिरून रिकामा परत आला. (इंदूरचा माणूस हातातला समोसा आधी संपवतो, कुणी दिला हे नंतर विचारतो.)

पडद्यावर आता खेडं होतं आणि एका म्हाताऱ्याची म्हैस चोरीला गेली होती. मी समजलो, हे पाचवं आयुष्य. नायकाचा चेहराही वेगळा होता. पण आयुष्य बदललं की चेहरा बदलणारच. माझा नाही का इथले पोहे-जिलबी खाऊन बदलला? बूट मात्र कुणाच्याच पायात दिसेना. शेवटी म्हैस सापडली तेव्हा मी हुंदके देऊन रडलो.

दिवे लागले. शेजारी काकू नव्हत्या. रांगभर अनोळखी लोक ओठांवरचा समोसा पुसत होते.

बाहेर आलो. मधुराचे डोळे लाल. "मला वाटलं, तुम्ही निघून गेलात," ती हळूच म्हणाली. खरं सांगायची हीच वेळ होती. म्हणून मी खोटं बोललो. उशीर झाला, तुमचा सिनेमा मोडायला नको म्हणून मागं बसलो, असं सांगितलं.

काका खूश झाले. खाली चहाच्या ठेल्यावर ग्लास हातात देत म्हणाले, "मग बोला विलासजी. शेवटी त्यानं असं का केलं? मतलब, तुमच्या हिशेबानं?"

"घरची ओढ, काका. माणूस कुठंही गेला तरी संध्याकाळी गोठ्याकडे वळतोच."

"गोठ्याकडे?"

"तो रॉकेटमध्ये बसून एकटाच जातो हो," मधुरा कुजबुजली.

तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाई चहाला आल्या. "अरे भिया, समोसे मस्त थे! हमें लगा टॉकीजवालों ने बांटे." (इंदुरात भैयाचा भिया होतो.) 

मग मी सगळं कबूल केलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मधुरा ठेल्याला धरून हसत होती. काकांनी चहा संपवला, दुसरा घेतला, तोही संपवला.

"मिळाली का पण?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"म्हैस."

"मिळाली. आपली आपण चालत आली."

काका मला बाजूला घेऊन गेले. "आमचा सिनेमा मला काहीच नाही समजला, भिया," ते म्हणाले. "तुम्ही खरं बोललात, तर आता मी पण बोलतो. मुहूर्त बघू. पण हे घरात नाही सांगायचं."

लग्नाला सहा वर्षं झाली. एखाद्या दुसऱ्या आयुष्यात मी पुष्कळ शिकलो असेन, बरोबर दारातून आत गेलो असेन आणि तो सिनेमा मुळापासून समजून काकांना त्यांच्या चुका दाखवून दिल्या असतील. तो विलास फार हुशार आहे. बिचाऱ्याचं लग्न मात्र अजून जमलेलं नाही.