पट्ट्यांखालचे अण्णा

“ह्या काळ्या पट्ट्या काढा साहेब. त्यांच्याखाली आमचे अण्णा आहेत.”

उत्तमराव हे बोलले तेव्हा मी नुकता त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो होतो. पडद्यावर सिनेमा थांबवलेला होता. वर एक जाड काळी पट्टी, खाली एक, आणि मधे चपटं चित्र.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. संगमनेरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी हार्डवेअर इंजिनियर होतो. खिशात स्क्रू ड्रायव्हर असला की आमचे मालक कोणालाही इंजिनियर म्हणायचे. उत्तमराव एका दूध संस्थेत सुपरवायझर. घरी कॉम्प्युटर घेणारे आमचे सुरुवातीचे गिऱ्हाईक. मॉनिटरला हळदीकुंकवाची बोटं, माऊसखाली क्रोशाचा रुमाल, खोलीत चपला घालून यायला बंदी. तेव्हा कॉम्प्युटरला देवाइतका मान होता, आणि हाकेला तो ओ पण देवाइतकीच द्यायचा. ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं.

“अण्णा म्हणजे?”

“वडील. वारले त्याला बरीच वर्षं झाली. मी लहान असताना खर्ड्याच्या किल्ल्यापाशी एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. त्यांना बैल पाहिजे होता. अण्णा आमचा बैल घेऊन गेले, अन् त्या लोकांनी अण्णांनाही उभं केलं. पुण्यातून मुश्किलीनं सीडी मिळवली. सीन सापडला, पण अण्णा दिसत नाहीत.”

खोलीच्या कोपऱ्यात त्यांची आई बसली होती. लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. मी तिला मावशी म्हटलं. शेळ्या शेजारणीच्या भरवशावर टाकून ती गावाहून एवढ्यासाठीच आली होती आणि सकाळच्या एसटीनं परत जाणार होती.

“फोटो हाय घरात,” ती म्हणाली. “पन त्यात लई ताठ बसल्यात. तसं न्हवते ते. मला हलताना बघायचंय. तंबूत सिनेमा आल्ता तवा येकदा बघितलं, त्येवढंच.”

मी उत्तमरावांना समजावलं. सिनेमाचा पडदा लांबरुंद, आपला मॉनिटर जवळपास चौकोनी. लांब चित्र पूर्ण दाखवायचं तर ते लहान करावं लागतं, मग वरखाली जागा उरते. ती उरलेली जागा म्हणजे ह्या पट्ट्या. त्यांच्याखाली काहीही नाही.

“असं कसं? तुम्ही काढून तर बघा.”

गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, असा आमच्या मालकांचा दंडक. मी मॉनिटरच्या खालची झाकणी उघडली. तिथं छोटे नॉब असायचे. एकानं चित्र उभं ताणलं जायचं, एकानं आडवं. उभा नॉब फिरवला. पट्ट्या बारीक झाल्या, पण पडद्यावरची माणसंही वर ताणली गेली. घोडा जिराफाच्या वाटेला लागला.

“अहो, हिरोईनचा पार ऊस झाला!” उत्तमराव ओरडले.

नॉब जागेवर आणला. मग दुसरा इलाज. सिनेमाची खिडकी धरून पडद्यापेक्षाही मोठी केली, म्हणजे पट्ट्या वरखाली बाहेर ढकलल्या गेल्या. चित्र काठोकाठ भरलं. उत्तमराव खूश. पण मोठं करताना डावी-उजवी बाजूही बाहेर गेली होती. लांब चित्र चौकोनात भरायचं तर कडा कापल्याच जाणार, याला तेव्हाही उपाय नव्हता आणि आजही नाही.

सीन पुन्हा लावला. किल्ल्याचा दरवाजा, त्यातून बाहेर पडणारी स्वारी, बघ्यांची गर्दी. उत्तमराव गुडघ्यावर बसून एकेक चेहरा बघत होते. पट्ट्या गेल्या होत्या आणि अण्णा नव्हतेच. उत्तमरावांचा चेहरा उतरला. आईला काय तोंड दाखवू, असं ते पुटपुटले. मलाही वाईट वाटत होतं. आईला नवरा दाखवायला बोलावलं आणि दाखवली कुणाची तरी स्वारी.

“मगाशी बैल हुता,” मावशी म्हणाली.

“कुठं?”

“पट्ट्या हुत्या तवा. ह्या बाजूला. वशिंड दिसत हुतं. तुमी पट्ट्या काढल्या, आन् बैलबी गेला.”

मी खिडकी पहिल्यासारखी केली. पट्ट्या आल्या, आणि डाव्या काठाला बैल आला. पाठ, वशिंड, थोडी मान. पुढे मॉनिटरची प्लास्टिकची चौकट.

“तोंड कुठं हाय त्याचं?” मावशीनं विचारलं. “ते तोंडापाशी हुते. कासरा धरून.”

मी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. स्टार्टचं बटण अर्धंच दिसत होतं. बाकीचं चौकटीच्या मागे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

त्याचं असं की नवा मॉनिटर लावला की चित्राभोवती चारी बाजूंनी काळी किनार राहायची. ती एकाही गिऱ्हाइकाला खपायची नाही. उत्तमराव तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “चौदा इंची घेतलाय ना? मग चौदा इंच भरून चित्र दिसू द्या.” सगळ्यांचाच तो हट्ट, म्हणून नॉब फिरवून चित्र चौकटीच्या जरा आतपर्यंत घुसवायची आमची रीतच पडली होती. बोटभर चित्र प्लास्टिकमागे जायचं. अर्ध्या बटणावरही काम चालायचं, त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती.

मी आडवा नॉब उलटा फिरवला. चित्र आत सरकलं. आता वरखाली पट्ट्या होत्याच, डाव्या-उजव्या बाजूलाही काळं आलं.

“अहो, वाढवताय काय? काढा म्हटलं होतं!” उत्तमराव म्हणाले.

“जरा थांबा. पडद्याकडे बघा.”

बैलाची मान आली. शिंगं आली. तोंड आलं. आणि तोंडापाशी, त्या बोटभर जागेत, बोटाएवढा माणूस. डोक्याला मुंडासं, हातात कासरा. स्वारी पुढे निघाली, घोडा खिंकाळला, बैल बुजला. त्या माणसानं बैलाच्या गळ्याखाली हात घालून त्याला थोपटलं, काहीतरी बोलला आणि हसला. कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. स्वारी गेली, सीन संपला.

मावशी कोपऱ्यातून उठून मॉनिटरपाशी आली होती. “व्हय,” ती म्हणाली. “असंच थोपटायचे.”

सीन पुन्हा लावला, मग परत लावला. उत्तमराव डोळे पुसत म्हणाले, “साहेब, हसतात तिथं थांबवा. आईला नीट बघू द्या.”

मी माऊसला हात घातला तशी मावशी चटकन म्हणाली, “न्हाई, न्हाई. थांबवू नगा. घरच्या फोटूत थांबलेलेच हाईत.”

मग थांबवलं नाही. चहा आला, तो गार झाला. पुढे कितीतरी वेळ पडद्यावर बैल बुजत होता आणि अण्णा त्याला थोपटत होते. निघताना नॉब पूर्वीसारखे करू का, असं मी रीतसर विचारलं. उत्तमराव म्हणाले, “राहू द्या.”

आता ते चौकोनी मॉनिटर भंगारात गेले, दुकानही बंद झालं. घरोघरी रुंद पडदे आले, तरी कुठल्यातरी सिनेमाला काळं उरतंच आणि ओळखीतले लोक मला फोन करतात. एका बटणाचं काम असतं. ते मी सांगतो, पण त्याआधी विचारून घेतो, कडेला आपलं कोणी उभं नाही ना?