दहा गुंठे शाळू

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या खिळ्याला एक स्टीलची ताटली दीड वर्ष टांगलेली होती. कड जराशी दबलेली आणि मागे लाल रंगात कुठल्याशा शाळेचा आकडा. तिच्यात कुणी जेवायचं नाही आणि ती खिळ्यावरून काढायचीही नाही, असा माझ्या सासऱ्यांचा हुकूम होता. मी त्यांना मामा म्हणते. घरी येणाऱ्या प्रत्येकाची नजर तिच्यावर जायची आणि दर वेळी मला नवी थाप मारावी लागायची.

ताटली महापुरात आली. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी देवळातून वाहायला लागलं, की आमच्या शिरोळ भागातली माणसं आनंदाने आंघोळीला जातात. त्या वर्षीही गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही बोटीत होतो. म्हैस आदल्या दिवशीच वरच्या गावाला पोचवली होती, म्हणून मामा बोटीत पाय ठेवायला तरी तयार झाले. आमची सोय एका शाळेत झाली. तिथली माणसं फार मायेची. सकाळी चहा, दुपारी खिचडी, संध्याकाळी आमटी-भात, आणि वाढताना आग्रह. पण रांग ती रांगच.

पहिल्या दुपारी रांगेत मामा माझ्यापुढे होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, दोन्ही हातांत ती ताटली. जेवायला टेकल्यावर ते खाली बघतच म्हणाले, "तीन एकराचा धनी हाय मी. आन् मूठभर खिचडीसाठी ताटली धरून हुबा ऱ्हायलो."

मी म्हटलं, मामा, अख्खं गावच उभं आहे. त्यावर त्यांनी मला पोरवयातली गोष्ट सांगितली. मोठ्या दुष्काळात ते आईचं बोट धरून रेशनच्या तांबड्या मिलोसाठी, त्या परदेशी ज्वारीसाठी, असेच उभे राहिले होते. त्या मिलोच्या भाकरीला वास यायचा आणि ती थापताना तुटायची. आई रडत रडत थापायची. तेव्हा शेतात पाणी नव्हतं म्हणून रांग होती, आता पाणी फार झालं म्हणून. एवढं बोलून ते जेवले आणि ताटली विसळून आले.

घरी परतल्यावर सामानात ती ताटली निघाली. मामा परत द्यायला गेले तर गुरुजी म्हणाले, राहू द्या, आजोबा. तेव्हा त्यांनी खिळा ठोकला. "दिसत ऱ्हाऊ दे," म्हणाले.

मला मात्र वेगळंच खूळ लागलं. पिंपातला गहू फुगून आंबला होता. कोल्हापूरचे रस्ते बंद, दूध नाही, भाजी नाही, हे सगळं ताजं होतं. त्याआधीच्या टाळेबंदीत दुकानाबाहेर काढलेली चुन्याची वर्तुळं डोळ्यांपुढून गेली नव्हती. फोनवर रोज कुणीतरी नवी भीती पाठवायचं: तेल मिळणार नाही, गहू मिळणार नाही, कुठेतरी लढाई पेटली. मी भरायला सुरुवात केली. गहू भरला, तेलाचे डबे भरले, साखर भरली. ऊसवाल्याच्या घरात साखर! माझा नवरा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. तो कामावरून आला आणि म्हणाला, आता बाहेर रेशन दुकानाची पाटी लावूया. दोन महिन्यांत गव्हात किडे झाले आणि अंगणभर गहू पसरून मी दिवसभर ते निवडत बसले. मामा शेजारी येऊन बसले, दोन-चार किडे वेचले.

"आणल्यालं सरतंय, पोरी," ते म्हणाले. "पिकल्यालं फिरून येतंय."

त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी जाहीर केलं की, ओढ्याकडच्या दहा गुंठ्यांत पुरानं कुजलेला ऊस काढून तिथे शाळू करायचा. घरची ज्वारी, घरची भाकरी. नवऱ्याने ताटावरच वाद काढला. उसाच्या गावात ज्वारी कोण करतं, मळणी कुठे करणार, बघणार कोण? महिन्यातून दोनदा बांधावर जाऊन उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस हा! मला त्याचा इतका राग आला की मी म्हटलं, मी बघेन. खरं तर तेव्हा मला शाळूपेक्षा त्याला गप्प करायचं होतं.

पण थोडा माझा तोराही होता. मी जतकडची. माहेरी प्यायचं पाणी टँकरने यायचं आणि शेतात शाळूशिवाय काही यायचं नाही. शिरोळला लग्न ठरलं तेव्हा गावातल्या बायका आईला म्हणाल्या, पोर पाण्यात पडली, नशीब निघालं. पाणी होतंच. पण इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की चहूकडे ऊस आणि भाकरीचं पीठ मात्र दुकानातल्या पिशवीतून येतं. माझ्या हातची भाकरी मामांना आवडायची, पण पिठाला चव नाही हे मलाही कळायचं आणि त्यांनाही. तेव्हा या घरात शाळू कुणाला कळत असेल तर तो मलाच, असं माझं ठाम मत होतं.

भावाने माहेरच्या शेतातलं बियाणं पाठवलं. गावात बैल उरले नव्हते आणि एवढ्याशा तुकड्यासाठी ट्रॅक्टरवाला येईना, म्हणून मामांनी आणि मी चार दिवस वाकून हाताने टोकण केली. पुराच्या गाळात शाळू असा उठला की मी रोज बघायला जायचे. बांधाला बांध लागून असलेले शेजारचे काका उसातून डोकं काढून म्हणायचे, "हे पावणं कुठनं आलं म्हणायचं आमच्या शिवारात?" मामा नुसते हसायचे. थंडीत कणसं भरली. मोत्यासारखा दाणा म्हणतात तसा दाणा, अजून चिकात. मामा एक कणीस चोळून दाणे माझ्या हातावर ठेवायचे आणि मी खाताना माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

आणि मग भोरड्या आल्या.

आधी एक थवा आला. दुसऱ्या दिवशी आभाळ काळं झालं. भोरड्या, चिमण्या, साळुंक्या, पोपट. पंचक्रोशीतलं एकही पाखरू घरी राहिलं नसावं. चहूकडे नुसता ऊस, आणि उसाला चोच लावून पोट भरत नाही. मामांनी चार मेढी रोवून माळा बांधला, गोफण वळली आणि पहाटेपासून वर जाऊन बसले. मी डबा वाजवत बांधाने फिरायचे. या बाजूने हाकललं की थवा त्या बाजूला उतरायचा. नवरा एका संध्याकाळी पिशवीभर चकचकीत पट्ट्या घेऊन आला आणि अंधार पडेपर्यंत शेतावरून दोऱ्या ताणून त्यांना त्या बांधत राहिला. माझा त्याच्यावरचा राग तिथे संपला. दोन दिवस पाखरं बिचकली. तिसऱ्या दिवशी त्याच दोऱ्यांवर बसून शाळू खायला लागली.

आठवडाभर थंडीवाऱ्यात बसून मामांना ताप भरला. गुडघा एवढा सुजला की माळ्यावरून त्यांना आम्ही दोघांनी धरून उतरवलं. तीन दिवस मी एकटी राखायला होते, त्यात म्हैस, घर आणि त्यांचं औषधपाणी. चौथ्या दिवशी त्यांना बांधावर नेलं, तेव्हा कणसं उभी होती आणि कणसांत दाणे नव्हते. मामांनी एक रिकामं कणीस खुडून तळहातावर चोळून बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, म्हशीला कडबा झाला की. ते मला हसवायला बघत होते आणि मला रडू फुटलं.

कारण मला सगळं कळलं होतं. चूक माझी होती. माझ्या माहेरी सगळं गाव एका आठवड्यात शाळू पेरतं. कुणी मागे-पुढे करत नाही. केलं तर त्याच्या शेतात शिवारातली सगळी पाखरं उतरतात, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळ्यांचा एकदम पिकला की पाखरं वाटली जातात, प्रत्येकाच्या शेतातले चार दाणे जातात आणि कुणाला कळतही नाही. शाळू मलाच कळतो म्हणून मिरवणाऱ्या मला एवढी एक गोष्ट सांगायचं सुचलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं झालं. मी मामांना हे बांधावरच सांगितलं. वाटलं, बोलतील. परत येताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. गुडघ्यासाठी असेल.

उरलीसुरली कणसं खुडून, बडवून, वारा देऊन अर्धं पोतं शाळू हाती आला. मी हिशेब केला, रोज नाही तरी सणावाराला, अमावास्या-पौर्णिमेला घरची भाकरी होईल. जातं धुवून ठेवलं. पहिली भाकरी तव्यावरून थेट मामांच्या ताटात, एवढंच डोक्यात होतं. सकाळी बघते तर मामा अंगणात बसलेले आणि पुढे जुन्या लुगड्याचे चौकोनी तुकडे. शाळूत चुलीतली राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळून ते एकेक पुरचुंडी बांधत होते.

विचारलं, तर म्हणाले, ओढ्याकडच्या सगळ्या शेतकऱ्यांना देणार. बियाणं.

माझा तोल सुटला. म्हटलं, आठवडाभर थंडीवाऱ्यात बसून, ताप काढून तुम्ही हा राखला आणि भाकरी न खाता वाटून टाकणार? त्या ताटलीकडे बघत रोज जेवता, ते कशासाठी? पुढच्या वर्षाचं कुणी बघितलंय, मामा? हे शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि जीभ चावली. त्यांच्या वयाच्या माणसाला असं म्हणायचं नसतं.

ते पुरचुंडी बांधत राहिले. "तूच सांगितलंस न्हवं," म्हणाले, "एकट्याचं पाखरं खात्यात म्हणून. मग मी एकट्यानं खाऊन काय करू?"

त्या दिवशी एक पुरचुंडी घरासाठी ठेवून ते काठी टेकत नऊ घरी गेले. मी सोबत पिशवी धरून. रांगेत उभं राहायची लाज असलेला माणूस प्रत्येक दारात उभा राहून सांगत होता: मागाय न्हाय आलो, द्यायला आलोय, दहा गुंठं न्हाय तर पाच टाका, खरं एकाच आठवड्यात टाका. काही जण हसले. शेजारच्या काकांनी मात्र पुरचुंडी कपाळाला लावून घेतली. पुरात त्याच शाळेत, त्याच रांगेत ते आमच्या मागे होते.

वर्षभर मामा दुकानातल्या पिठाची भाकरी मुकाट्याने खात राहिले. मला मात्र प्रत्येक खोकल्याला धस्स व्हायचं. पावसाळ्यात पाणी वेशीपर्यंत आलं. काकांच्या घरून निरोप आला की सामान वर चढवताय तेव्हा पुरचुंडी पहिली चढवा, आम्ही आमची चढवली. नदीला दया आली आणि पाणी मागे फिरलं.

ऑक्टोबरात एका आठवड्यात ओढ्याकाठी सात जणांनी शाळू टोकला. दोन घरांनी आधीच दळून खाल्ला होता; त्यांचं नाव मामांनी कधी काढलं नाही. थंडीत भोरड्या आल्या तेव्हा मामा पुन्हा माळ्यावर जाऊन बसले. मी डबा घेऊन पळत गेले. एक थवा आमच्यात उतरला, थोडा वेळ बसला आणि उडून काकांच्या शेतात गेला. तिथून पुढच्यात. मामांनी गोफण मांडीवर ठेवून दिली. दुपारी मी विचारलं, खाली येताय का? म्हणाले, "बसतो की. खात्यात बिचारी, खाऊ देत."

फेब्रुवारीत चार पोती घरात आली. पहिलं पीठ मी जात्यावरच दळलं. नवरा कामावरून येईपर्यंत मामांनी जेवायला नकार दिला. तो आला, हात धुतले, पाटावर बसला. मी भाकरी थापली. या घरात पहिल्यांदाच माझ्या हाताखाली माहेरच्या शाळूचं पीठ होतं आणि भाकरी वाटीसारखी टम्म फुगली. ती घेऊन वळले तर मामांच्या पुढ्यात ताट नव्हतं. ते उठून ओट्यापाशी आले होते. हात वर करून त्यांनी खिळ्यावरची ताटली काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्यापुढे दोन्ही हातांनी धरली, शाळेत धरली होती तशी.

"वाढ," म्हणाले.

मी भाकरी वाढली. वर ठेचा, लोण्याचा गोळा. त्यांनी पहिला तुकडा मोडून माझ्याकडे दिला, दुसरा नवऱ्याला आणि मग आपण खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ठेचा झणझणीत झालाय, म्हणाले. त्यांनी अजून ठेचा लावलाही नव्हता.

मी भांडी घासली, पण ती ताटली पुन्हा खिळ्याला लावायची की नाही ते मला कळेना. ओली ताटली हातात घेऊन उभी होते. मामांनी ती माझ्या हातून घेतली आणि मांडणीत आमच्या बाकीच्या ताटल्यांवर ठेवली. आता पाहुणे आले की कधी कधी त्यांना तिच्यातच वाढते.