बोट आत्ताच लागली

सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं. बेलापूर काय, सानपाडा काय, बऱ्याच घरांत त्या दिवशी वरण-भात. म्हणून आठवड्याभराच्या पोस्ट भरून ठेवायला मनस्वीने सोमवार धरला होता.

आधी तसं नव्हतं. तिचा नवरा धर्मा आणि त्याचा चुलतभाऊ सूरज खाडीतून, कधी पार बंदराच्या पुढून मासळी आणत. सासू चंद्राबाई ती निवडून, कापून देई. मनस्वी फोनवर ऑर्डर घेई आणि स्कूटीवरून घरोघर पोचवी. त्यातच फोटो काढायचे, व्हिडिओ टाकायचे, ‘आज काय आहे?’ म्हणणाऱ्या सगळ्यांना उत्तरं द्यायची, आणि तेही कोळंबी सोलता सोलता. फोनच्या काचेवर कायम खवले. एकदा या गडबडीत उलव्याच्या गिऱ्हाइकाची चिंबोऱ्यांची पिशवी सानपाड्यातल्या एका शाकाहारी घरी गेली, आणि नांग्यांनी पिशवी फाडून एक चिंबोरी त्यांच्या सोफ्याखाली शिरली. तिथल्याच शेजारच्या अरुणाताईंनी ती बाहेर काढली, आणि मग मनस्वीला पाणी देऊन म्हणाल्या, “अगं, रोज कशाला मरतेस? एक दिवस बसून सगळं भरून ठेव, वेळ लावून दे. फोन आपोआप टाकतो.”

तेव्हापासून धंदा सुरळीत झाला. संध्याकाळी चहा गरम असताना प्यायला मिळू लागला. फक्त एक गोष्ट होती. गिऱ्हाइकाला ताजं लागतं, म्हणून जुन्या व्हिडिओवरही ती लिहायची, ‘बोट आत्ताच लागली!’ मासळी खरंच ताजी असायची. शिळा असायचा तो व्हिडिओ. त्याने कुणाचं काय बिघडतं?

जानेवारीतल्या एका शुक्रवारी बोट लागली नाही.

आदल्या संध्याकाळी धर्मा आणि सूरज गेले होते. उजाडायच्या आत ते परतत. त्या दिवशी उजाडलं तेच धुक्यात. जेट्टीच्या टोकाचा दिवा पिवळा डाग होऊन दिसत होता आणि खाली पाणी आहे की नाही ते नुसत्या आवाजावरून कळत होतं. बाकीच्या होड्या एकेक करून आल्या. धर्माचा फोन लागत नव्हता. चंद्राबाईला “धुक्यामुळे थांबले असतील, आई” असं सांगून मनस्वी जेट्टीवर आली होती. आता तेच वाक्य ती स्वतःला सांगत होती.

कोळीवाड्यातले जाणते नाखवा म्हणजे आप्पा. त्यांनी खाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “एवड्या धुक्यात मोट्या जहाजवाल्याला आपली होडी...” मग तिच्याकडे लक्ष गेलं आणि वाक्य तिथेच सोडून ते होड्यांकडे वळले. त्या अर्धवट वाक्याचीच तिला जास्त भीती वाटली.

आप्पांनी दोन होड्या काढल्या. थोड्याच वेळात त्या धुक्यात विरल्या, मग त्यांचा आवाजही.

तिच्या मुठीतला फोन थरथरला. धर्मा! तिने घाईने पाहिलं. अरुणाताईंचा मेसेज होता: ‘जिताडा माझा! दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.’ पाठोपाठ दुसरा, तिसरा. ‘मला अर्धा.’ ‘आज धर्मादादा खूश दिसतात!’

तिला काही उमगेना. तिने इन्स्टाग्राम उघडलं. दोन्ही हातांत भला मोठा जिताडा धरून धर्मा हसत होता. वर लिहिलेलं: ‘बोट आत्ताच लागली!’

क्षणभर तिलाही ते खरं वाटलं. तिने मान वळवून जेट्टीकडे पाहिलंसुद्धा. तिथं धुकं होतं. मग तिला सोमवार आठवला.

ती व्हिडिओ काढून टाकते आहे तोवर गल्लीतून चंद्राबाई पळत आली. पायात चप्पल नाही, मागे शेजारीण पुतळा फोन नाचवत.

“आला ना गो माजा पोर? पुतळानं दाखवला मला. कुटं हाय?”

तेवढ्यात धुक्यात इंजिनांचा आवाज आला. जवळ आला. चंद्राबाईने हात जोडले. दोन होड्या दिसू लागल्या, पण दोन्हींत आप्पांचीच माणसं होती.

“कुटं हाय तो?” आप्पा होडीतूनच ओरडले. “घरून माज्या प्रणयचा फोन आला, धर्मा पोचला, व्हिडिओ आलाय म्हनून. आमी अर्ध्यातून माघारी फिरलो.”

“नाही आला, आप्पा. व्हिडिओ जुना आहे. मीच सोमवारी लावून ठेवला होता.”

आप्पांनी पाण्याकडे पाहिलं. ओहोटी लागली होती. त्यांनी होडी वळवली.

चंद्राबाई ओल्या पायरीवर बसली. “तुजा फोन खोटं बोलतो?”

“फोन नाही, आई. मी.”

व्हिडिओ काढून टाकला तरी तो कितीतरी ग्रुपवर गेला होता. लोक अजून एकमेकांना कळवत होते, धर्मा आला, काळजी नको. म्हणून मनस्वीने कॅमेरा चालू केला. केस विस्कटलेले तसेच. “मी मनस्वी. सकाळचा व्हिडिओ जुना आहे. माझा नवरा आणि दीर अजून परत आलेले नाहीत. कुणाला काही कळलं तर सांगा. प्लीज.”

मग मेसेज येतच राहिले. देव आहे म्हणणारे, पोलिसांना कळवा म्हणणारे. एक जण विचारत होता, मग जिताड्याची ऑर्डर कॅन्सल का? आणि एका अनोळखी नंबरवरून आलं: ‘उरणकडे एक जण मिळाला म्हणे.’

मिळाला. तिने लिहिलं, ‘मिळाला म्हणजे कसा?’ उत्तर आलं नाही. तिने फोन लावला, कुणी उचलला नाही. ती सासूच्या शेजारी बसून राहिली, स्क्रीन छातीशी उलटी धरून. चंद्राबाईने विचारलं, “काय आलंय?” ती म्हणाली, “ऑर्डर.”

धुकं विरून ऊन पडलं तेव्हा आप्पांचा फोन आला. दोघं जिवंत होते.

बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. ते चालू करताना पट्ट्यात सूरजचा हात गेला. होडी वाहत जाऊन तिवरांच्या झाडीतल्या चिखलात रुतली, आणि चिखलातून चालत बाहेर पडणं शक्य नव्हतं. फोन केव्हाच भिजला होता. उरणची ती बातमी कुठून निघाली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर धर्मा बसला होता. ओरडून ओरडून त्याचा घसा गेला होता. “पहाटेनंतर इंजिनाचा आवाज ऐकला,” तो कुजबुजला. “जवळ आला. मी जीव तोडून ओरडलो. मग तो आवाज लांब गेला. कसा गेला, तेच कळत नाय.”

मनस्वीने त्याला व्हिडिओचं सांगितलं. मग त्याने तिचा हात धरला, पण बराच वेळ तिच्याकडे पाहिलं नाही.

सूरजची दोन बोटं गेली. लवकर आणलं असतं तर वाचली असती का, असं तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. हे उत्तर तिला ‘हो’पेक्षा जड गेलं. सूरज तिला अजून वहिनीच म्हणतो. आता तो जाळ्याला हात लावत नाही, तराजूवर बसतो.

धंदा चालू आहे. सोमवारी ती अजूनही बसते, पण भरून ठेवते ते चिंबोरी साफ कशी करायची, कालवणाला कोकम किती, असलं काही. आजची मासळी आज, आणि तीही होडी बांधल्यावर. त्यामुळे ऑर्डर उशिरा येतात, अरुणाताई कुरकुरतात. फोन थरथरला की ती अजून आधी जेट्टीकडे पाहते.

आणि पोस्ट टाकायच्या आधी चंद्राबाई दारातून विचारते, “पायलास ना डोल्यांनी?”

“पाहिलं, आई.”

मगच चंद्राबाई सुरी उचलते.