उद्घाटनाच्या दिवशीचे फोटो

नगरच्या कार्यशाळेत मी दाखवलेले सगळे फोटो उद्घाटनाच्या दिवशीचे होते. भाजीबाजाराचे नवे ओटे, त्यांवर मेथीच्या जुड्या, वांग्यांचे ढीग, मागे हसणाऱ्या बायका. मी आमच्या छोट्या नगरपालिकेचा नगररचनाकार. समोर वेगवेगळ्या शहरांतले माझ्यासारखेच लोक माना डोलावत बसले होते. त्या बायका दुसऱ्याच दिवशी पाट्या उचलून पुन्हा एसटी स्टँडसमोरच्या रस्त्यावर जाऊन बसल्या, हे मी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही म्हणा. अशा ठिकाणी आम्ही एकमेकांना फक्त यश सांगतो आणि जेवून घरी जातो.

खानदेशातून आलेली एक तरुण नगररचनाकार तेवढी वही उघडून बसली होती. "सर, दुपारी ओट्यांवर ऊन येतं का?" तिने विचारलं.

ओट्यांची तोंडं पश्चिमेला. दुपारी तिथे पालक तासाभरात मान टाकतो. "छपराचं काम सुरू आहे," मी म्हणालो. छपरासाठी साधा कागदही हललेला नव्हता. तिने ते लिहून घेतलं. चहाच्या वेळी तिने नकाशा मागितला, तोही मी ऐटीत पाठवून दिला.

परतीच्या एसटीत मला बसवेना. उगाच उठायचं, दारापाशी जायचं, परत यायचं. कोल्हारला कंडक्टर वैतागून म्हणाला, "उतरायचंय का तुमाला?" मी गुपचूप बसलो.

आठवड्याने तिचा मेसेज आला. त्यांच्याकडे ओट्यांचं काम पुढच्या सोमवारी सुरू होणार होतं, रस्त्यावरच्या भाजीवाल्या बायकांना तिकडे हलवायचं ठरलं होतं, आणि माझे फोटो सगळ्यांना फार आवडले होते. हातातलं काम टाकून मी स्टँडसमोर मेथी विकणाऱ्या मावशींकडे गेलो. बायका ओट्यांवर का बसत नाहीत हे मला ठाऊकच होतं, पण कोणीतरी चार शब्द सुनवावेत असं वाटत होतं.

"मावशी, ओट्यावर का नाही बसत तुम्ही?"

"कुनासाठी बसायचं तिकडं?" जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या. "यष्टीतून उतरलेलं मानूस हितंच भाजी घेतं अन् रिक्षात बसतं. मागच्या गल्लीत कोन येतंय? तुमी इचारलं तरी हुतं का आमाला?"

विचारलं नव्हतं. जागा मी नकाशावर बोट ठेवून निवडली होती. मला लाज वाटली, आणि मेथी नको असताना दोन जुड्या घेतल्या.

ऑफिसात येऊन खानदेशातल्या त्या तरुणीला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, छपराचं खोटंसुद्धा. वाटलं, ती आभार मानेल आणि मी सुटेन. ती म्हणाली, "सर, तुमचे फोटो मी ठरावाला जोडलेत. आता तोंडी सांगून इथे कोण ऐकणार? लिहून द्याल?"

दोन दिवस माझा पाय एका जागी ठरला नाही. आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी हेच ओटे पुरस्कारासाठी पाठवले होते. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, 'प्रतिसाद अपेक्षेपेक्षा कमी आहे.' पूल वाहून गेला तरी आम्ही असंच लिहितो. माझाच मला राग आला, कागद फाडला आणि दुसरा घेतला. 'आमचे ओटे रिकामे आहेत. बायकांना न विचारता जागा मी निवडली. छप्पर नाही, आणि काम सुरू असल्याचं मी खोटं सांगितलं. सोमवारचं काम थांबवावं.' खाली सही केली.

जावक क्रमांक टाकण्यासाठी पत्र क्लार्कबाईंकडे नेलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मोठ्या साहेबांना माहीत आहे का हे?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही क्रमांक टाका."