मण्यांची पट्टी

त्याला सगळा बाजार पंचेचाळीस म्हणायचा. वय नव्हे हो, वय केव्हाच त्याच्या पुढे गेलं होतं. फ्रेमचा कोपरा जुळवायचा तर दोन्ही पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापाव्या लागतात, आणि याचा कोपरा असा बसायचा की सांध्यात नखसुद्धा शिरू नये. स्वभावही तसाच, सगळीकडे चपखल बसणारा. गिऱ्हाईक कितीही किरकिरं असो, याचा आवाज चढायचा नाही. शेजारचा शिंपी तर आपल्या बायकोला सांगायचा, "माणूस बघ कसा लोण्यासारखा! नाहीतर मी!" आणि ती म्हणायची, "नाहीतर तुम्ही!"

हे कानावर आलं की पंचेचाळीस मान खाली घालून हसायचा. मनातून त्याला ते फार आवडायचं. खोटं कशाला सांगू?

तर शाळेतल्या चित्रकलेच्या बाई एक दिवस दुकानात आल्या, हातात कागदाच्या बावीस गुंडाळ्या. मुलांची पोस्टर स्पर्धा होती. विषय, मुलांचा संरक्षणाचा हक्क. बाईंनी नियम मोठा नामी केला होता. मुलांनी वर्गात बसून मनातलं काढायचं, कुणी डोकवायचं नाही. झालं की आपलं आपण गुंडाळायचं, पाठीवर नाव लिहून त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि पेटीत टाकायचं. परीक्षकांच्या आधी कुणीही चित्र बघायचं नाही.

"म्हणजे मीसुद्धा पाहिलेली नाहीत," बाई म्हणाल्या. "फक्त तुम्ही बघणार. तुम्ही काय, घरचेच."

"अहो बाई, मी चित्र बघतच नाही. मी कडा बघतो," तो म्हणाला, आणि दोघंही हसले.

त्याची मुलगी याच शाळेत होती. घरात तिला छोटी म्हणायचे. तेरा वर्षांची झाली तरी छोटीच. त्या आठवड्यात जेवताना तिनं एकदाच विचारलं होतं, "बाबा, रविवारी वाचनालयात चित्रं लावणार आहेत. तुम्ही याल ना?" फ्रेमचं काम आपल्याकडेच आलंय हे त्यानं तिला सांगितलं नाही. रविवारी चकित करू, असा बेत. "येणार म्हणजे काय, पहिल्या रांगेत!" तो म्हणाला. ती हसली नाही. भाकरीचा तुकडा मोडत राहिली. त्याला वाटलं, वय झालं आता, लाजते.

पूर्वी ती शाळा सुटली की थेट दुकानात यायची. काच धरायला तिच्याइतका हलका हात दुसरा नव्हता. वर्षभर झालं, येणं बंद होतं. तेही त्याला वयच वाटलं होतं. माणसाला सोयीचं तेवढं बरोब्बर वाटतं, नाही का?

गुरुवारी दुपारी तेराव्या नंबरची गुंडाळी त्यानं टेबलावर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार लाकडी ठोकळे ठेवले. कडा बघायला गेला आणि चित्र दिसलं.

एक मुलगी समोर बघत बसली होती. वर ठळक अक्षरांत, "मला सुरक्षित राहायचंय." मुलीनं दोन्ही हात पुढे धरले होते, कुणाला तरी दाखवावेत तसे. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लालसर गोल ठिपके. बारीक, सारख्या अंतरावर, ओळीनं. अशा तीन ओळी. आणि अगदी खाली, बारक्या अक्षरात एकच शब्द, "घरातसुद्धा."

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं की नक्षी आहे, बांगडी आहे, पुरळ आहे. पंचेचाळीसला काहीच वाटायची गरज नव्हती. त्यानं हात लांब करून गल्ल्याशेजारचा तुकडा उचलला. सोनेरी पट्टीचा हातभर उरलेला तुकडा, काठाला मण्यांची नक्षी. माल दाखवायला, टेबल ठोकायला, पाठ खाजवायला तोच कायम हाताशी असायचा. त्यानं तो ठिपक्यांच्या शेजारी धरला. मण्याला मणी जुळला.

पाठीवरची कागदाची पट्टी सोडवून नाव बघायची तरी गरज होती का? नव्हती. तरी त्यानं बघितलं.

पहिल्यांदा छोटीच्या हातून काच पडली होती तेव्हा. मोठी काच होती, गिऱ्हाईक दारात उभं होतं. ते जाईपर्यंत हा गोड हसत राहिला, आणि ते गेल्यावर आतल्या खोलीत. दुसऱ्यांदा माप चुकीचं लिहून घेतलं म्हणून. तिसऱ्यांदा का, ते त्याला आठवेना. मारलं ते आठवत होतं आणि कारण आठवत नव्हतं. आपली आपल्यालाच शिसारी यावी असं ते होतं, आणि ती आलीही.

आता इथे शहाण्या माणसानं काय केलं असतं, ते तुम्ही मला सांगू नका. त्यानं काय केलं ते ऐका.

चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट बसवतात, तिला माउंट म्हणतात. फ्रेमवाल्यांची एक रीत आहे: खालच्या बाजूचा माउंट जरा जास्त रुंद ठेवायचा, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. जास्त म्हणजे किती? बोटभर. पंचेचाळीसनं तेराव्या नंबरला खालून सहा बोटं जास्त ठेवला. चित्राला कात्री लावली नाही हो, छे! चित्राला कधी कात्री लावायची नाही, हे त्याचं ब्रीद. नुसतं झाकलं. मनगटं झाकली, ठिपके झाकले, खालचा शब्द झाकला. वरून काच घातली, मागून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या, टेप मारली. कोपरे इतके सुरेख बसले की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घरी त्यानं बायकोला आडून विचारलं, "अगं, ती काच पडली होती... छोटीला मी तेवढं एकदाच मारलं ना?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही. "मलम मी तीनदा लावलंय," ती म्हणाली. "आणि आज कुठून आठवलं हो?"

छोटी पलीकडच्या खोलीत वाचत होती. तिच्याशी आत्ताच बोलावं असं शुक्रवारी दहा वेळा मनात आलं, शनिवारी वीस वेळा. फ्रेम तर दुकानातच होती, मागची टेप काढायला किती वेळ लागतो? पण बाजार काय म्हणेल, शिंपी काय म्हणेल, लोण्यासारखा माणूस! शनिवारी संध्याकाळी बावीस फ्रेमा वाचनालयात गेल्या.

रविवारी सकाळी तो बायकोबरोबर पोचला. छोटी आधीच तेरा नंबरसमोर उभी होती. बाबाला बघून ती हलली नाही. तिनं फ्रेमकडे बघितलं, खालच्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे बघितलं, आणि मग त्याच्याकडे. लहानपणापासून काच धरलेली पोर ती. माउंट किती ठेवतात हे तिला काय कुणी शिकवायला हवं होतं? तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ती फक्त बाजूला सरकली, त्याला उभं राहायला जागा करून दिली.

परीक्षक दोघी होत्या. चित्रकलेच्या बाई आणि लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई. फिरत फिरत त्या तेरा नंबरशी आल्या.

"चेहरा किती छान काढलाय," बाई म्हणाल्या. "पण विषय कुठे आहे? ही नुसती बसलीय. घाबरलीय म्हणावं, तर कशाला?"

डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. "हे हात मध्येच कापल्यासारखे वाटतात. काहीतरी दाखवतेय ती." मग त्या शेजारी उभ्या असलेल्या छोटीकडे वळल्या. "तू काढलंयस का गं हे? खाली अजून काही होतं?"

बायको त्याच्याकडे बघू लागली. छोटीनं एकदा बाबाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "कागद पुरला नाही."

तिनं त्याला वाचवलं! तेरा वर्षांच्या पोरीनं, चारचौघांत, स्वतःचं चित्र बुडवून. ज्या विषयावर स्पर्धा होती तोच विषय, फक्त उलटा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता एक क्षणही नको, असं वाटून फ्रेम खिळ्यावरून काढायला त्यानं झटकन हात वर केला.

छोटीनं तोंडावर कोपर आडवं धरलं आणि डोळे मिटले.

सगळे इकडेच बघू लागले, शिंपीही आला होता, तोही. वर गेलेला हात खाली कसा आणावा हे पंचेचाळीसला कळेना. आयुष्यभर त्यानं कडा नीट बसवल्या होत्या, आणि आता बावीस चित्रांच्या मध्ये तो हात वर करून उभा, आणि समोर त्याची मुलगी तोंड झाकून.

"मी फ्रेम काढतोय, बाळा," तो म्हणाला. आवाज निघाला तो घोगरा. "फक्त फ्रेम."

तिनं कोपर खाली घेतलं, पण दोन पावलं मागे जाऊन. त्यानं फ्रेम काढली आणि तिथेच जमिनीवर बसला. खिशातल्या पकडीनं चुका उपटल्या, पुठ्ठा काढला, माउंट बाजूला ठेवला. मग चित्र दोन्ही हातांनी धरून डॉक्टरीणबाईंसमोर केलं. ठिपके, तीन ओळी, खालचा शब्द.

"कागद पुरला होता," तो म्हणाला. "मी झाकलं. हे ठिपके मण्यांच्या पट्टीचे आहेत. पट्टी माझ्या दुकानातली. मारणाराही मीच."

शिंप्यानं नजर दुसऱ्या भिंतीकडे वळवली. बाईंनी तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे न बघता छोटीजवळ गेल्या, वाकल्या, हळू आवाजात काहीतरी विचारू लागल्या. छोटीनं होकारार्थी मान हलवली. मग उजव्या हाताची बाही स्वतःच वर केली आणि लगेच खाली ओढली. आता तिथे काही नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात नीट बघून घेतलं. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी तुम्ही तिघंही माझ्याकडे या. याल ना?"

"येऊ," बायको म्हणाली. त्याच्या आधी.

"आणि चित्र परत लावा," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. "पूर्ण."

त्यानं मान डोलावली. माउंटशिवाय फ्रेम बांधायची तर काच नीट चित्रावर बसायला हवी, आणि ती दुसऱ्या कुणीतरी धरायला हवी. एकट्याचं ते काम नाही, कधीच नव्हतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं. बायको जागची हलली नाही. मग छोटी आली, समोर गुडघ्यांवर बसली, नेहमीच्या सवयीनं तिनं दोन्ही तळवे काचेच्या कडांना लावले. आणि थांबली.

"बाबा, पडली तर?"

"तर काच फुटेल," तो म्हणाला. "दुसरं काही होणार नाही."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. विश्वास बसला नव्हता, ते स्पष्ट दिसत होतं, आणि विश्वास ठेव म्हणायचं तोंड त्याला उरलं नव्हतं. तिनं काच उचलली. इतकी घट्ट धरली की तिची नखं पांढरी पडली, आणि चुका ठोकून होईपर्यंत तो खाली मान घालून त्या नखांकडेच बघत राहिला.